काळ्या मातीसाठी एटीव्ही निवडताना: काटोल-कोंढाळी पट्ट्यातील वापरानंतरचा अनुभव

नागपूरच्या पश्चिमेला काटोल आणि कोंढाळीच्या दरम्यान असलेल्या पांदण रस्त्यांवर, नाल्यांच्या काठाने आणि मालकांची परवानगी घेऊन पडीक बरड जमिनींवर मी गेल्या उन्हाळ्यापासून एक मध्यम आकाराची फोर व्हील ड्राइव्ह एटीव्ही (कच्च्या वाटांसाठीची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली चारचाकी) चालवत आहे. रखरखीत ऊन, पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरची थंडी या तिन्ही ऋतूंत तिची परीक्षा झाल्यामुळे आता लिहावेसे वाटते. आपल्या भागासाठी अशी गाडी निवडताना इंजिनाची सीसी सर्वांत शेवटी पाहावी, हे माझे ठाम मत झाले आहे. येथे लिहिलेले बहुतेक सर्व या वर्गातील कोणत्याही गाडीला लागू पडते, म्हणून माझ्या गाडीच्या कंपनीचे नाव मी बाजूला ठेवतो. तिचे इंजिन एका सिलिंडरचे, पाचशे सीसीच्या आसपासचे, फ्युएल इंजेक्शन असलेले आणि पाण्याने थंड होणारे आहे. गिअरबॉक्स बेल्टवर चालणारा सीव्हीटी, म्हणजे हाताने गिअर बदलावे न लागणारा, आहे, स्टिअरिंगला पॉवरची मदत आहे आणि मागचे सस्पेन्शन प्रत्येक चाकाला स्वतंत्र आहे.

मध्यम आकार म्हणजे साधारणपणे ४०० ते ६०० सीसीचा वर्ग. होंडाची रँचर ४२०, यामाहाची कोडिअॅक ४५०, सुझुकीची किंगक्वाड ५०० आणि पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० ही जगभर ओळखली जाणारी नावे याच वर्गातली आहेत. यांपैकी कोडिअॅक ४५० चे इंजिन प्रत्यक्षात ४२१ सीसीचे, तर स्पोर्ट्समन ५७० चे ५६७ सीसीचे आहे. यापुढचा वर्ग ७०० ते १००० सीसीचा. मोकळ्या वाळवंटात किंवा रुंद डोंगरी वाटांवर त्या गाड्यांचे सामर्थ्य उपयोगी पडत असेल, पण आपल्या पांदणीत त्यांचे वजनच आड येते. मध्यम वर्गातील गाडी तीनशे किलोच्या आसपास भरते आणि रुंदीला चार फुटांच्या आत-बाहेर असते. चिखलात रुतल्यावर दोन माणसांनी एका बाजूने उचलून चाकाखाली दगड सारण्याची वेळ आली, तर पन्नास-शंभर किलोंचा फरक किती मोठा असतो हे त्या जागी उभे राहिल्यावरच कळते.

पांदणींबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण गाडीची खरी कसोटी तेथेच लागते. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेखाली काही पांदणींवर खडी-मुरूम पडला आहे, परंतु अनेक ठिकाणी रस्ता अजूनही दोन धुऱ्यांमधली मातीची पट्टी एवढाच आहे. बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी तेथे खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात, आणि त्या दोन चाकोऱ्यांमधले अंतर एटीव्हीच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा जास्त असते. परिणामी एका बाजूची चाके चाकोरीत आणि दुसऱ्या बाजूची मधल्या उंचवट्यावर अशी तिरकी अवस्था मैलभर सहन करावी लागते. मागचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याचा लाभ मला सर्वांत जास्त येथे झाला. अखंड आडव्या अॅक्सलची गाडी बांधणीला साधी, देखभालीला स्वस्त आणि मागे वजन लादल्यावर कमी डोलणारी असते, हे खरे आहे. पण तिच्या अॅक्सलला ताकद देणाऱ्या गिअरांचा गोळा खाली लोंबतो आणि चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर तोच आधी आपटतो. ज्यांना मुख्यतः संत्र्याच्या बागेत क्रेट वाहायचे आहेत त्यांनी आडव्या अॅक्सलचा विचार अवश्य करावा. भटकंतीसाठी मात्र स्वतंत्र सस्पेन्शन आणि जमिनीपासून २५ सेंटीमीटरपेक्षा जास्त उंची, यांत मी तडजोड करणार नाही.

आता मातीचा प्रश्न. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते आणि ओली असताना ज्याला लागेल त्याला चिकटते. एटीव्हीच्या टायरवरचे ठोकळे एकमेकांजवळ असतील, तर पहिल्या काही मीटरमध्येच त्यांच्यामधल्या खाचा भरून जातात आणि टायर कणकेच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो. अशा वेळी चारही चाकांना ताकद मिळत असली, तरी चारही चाके जागच्या जागी फिरतात. गाडीबरोबर आलेले मूळ टायर पहिल्या जोरदार पावसापर्यंत उत्तम होते. त्यानंतर मी ठोकळ्यांमध्ये जास्त अंतर असलेले आणि सहा प्लाय क्षमतेचे (प्लाय हे टायरच्या थरांच्या मजबुतीचे माप) टायर बसवले, आणि त्याच पांदणीवर तीच गाडी निराळी वाटू लागली. हे टायर कडक मुरमावर थोडे थरथरतात आणि पेट्रोलही किंचित जास्त लागते. तरीही हा सौदा मला मान्य आहे. नागपूरच्या पूर्वेला, मौदा-रामटेककडच्या धानाच्या पट्ट्यात माती वेगळी असल्यामुळे तेथील वाचकांनी टायरचा निर्णय स्वतःची जमीन पाहूनच करावा.

टायरचाच दुसरा विषय म्हणजे बाभळीचे काटे. धुऱ्यावर कुंपण म्हणून टाकलेल्या वाळक्या फांद्या पांदणीत येऊन पडतात आणि त्यांचा काटा साध्या टायरमधून सहज आरपार जातो. सहा प्लायच्या टायरने पंक्चर बंद झाले नाही, पण लक्षणीय कमी झाले. पंक्चर काढण्याच्या पट्ट्या आणि लहान पंप ही या भागातली अनिवार्य सामग्री समजावी. या टायरमध्ये हवा केवळ ५ ते ७ पीएसआय ठेवायची असते आणि मोटारींसाठी बनवलेले दाबमापक इतक्या कमी दाबावर भरवशाचे राहत नाही. त्यामुळे कमी दाबाचे स्वतंत्र मापक गाडी घेतानाच घ्यावे. दोन पीएसआयचा फरक मोटारीत जाणवतही नाही. येथे मात्र पकड आणि स्टिअरिंग दोन्ही बदलतात.

फोर व्हील ड्राइव्ह असे सर्वच माहितीपत्रकांवर लिहिलेले असले, तरी त्यामागची यंत्रणा सर्वत्र सारखी नसते, आणि विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा. पोलारिसच्या पद्धतीत बटण दाबून ठेवल्यावरही पुढची चाके मागची घसरू लागली की मगच आपोआप जोडली जातात. त्यामुळे कोरड्या जमिनीवर स्टिअरिंग हलके राहते आणि चालकाला फार विचार करावा लागत नाही. यामाहाच्या ग्रिझलीसारख्या गाड्यांत दोन चाके, चार चाके आणि पुढचा डिफरन्शिअल लॉक (पुढची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला लावणारी सोय) अशा तीन अवस्था चालक स्वतः निवडतो. माझी गाडी या दुसऱ्या प्रकारची आहे आणि काळ्या मातीसाठी मला हीच पद्धत अधिक पसंत पडली. ओल्या काळ्या मातीचा वरचा थर किंचित सुकून पापुद्र्यासारखा झालेला असतो. मागची चाके एकदा घसरली की तो फाटतो आणि खालचा लगदा वर येतो. म्हणून चिखलात उतरण्यापूर्वीच चारही चाके जोडलेली असणे हिताचे ठरते. लॉक मात्र अगदी अडल्यावर, सरळ रेषेत आणि थोड्याच अंतरासाठी वापरावा, कारण तो लावल्यावर पॉवर स्टिअरिंग असूनही हँडल जड होते आणि गाडी वळायला मोठी जागा मागते.

सीव्हीटीबद्दल अनेकांच्या मनात शंका असते. माझ्या अनुभवात बेल्टने कोठेही दगा दिला नाही, पण त्याचे श्रेय लो रेंजला, म्हणजे कमी वेग आणि जास्त ओढ देणाऱ्या गिअरला, आहे. नाल्याच्या उभ्या काठावर चढताना, ट्रॉली ओढताना किंवा दगडांतून माणसाच्या चालीने जाताना हाय रेंजमध्ये राहिल्यास बेल्ट पुलीवर घसरून तापतो. लो रेंजमध्ये तोच बेल्ट निवांत काम करतो. पाण्यातून जाताना बेल्टच्या खोक्याला हवा पुरवणारी नळी किती उंचावर आहे आणि खोक्यातले पाणी काढण्याचा बूच हाताला कोठे लागतो, हे दुकानातच पाहून ठेवावे. जाम नदीच्या उपनाल्यांत पावसाळ्यात पाणी अकस्मात वाढते. चाकाच्या मध्यापेक्षा वर पाणी असेल तर मी गाडी वळवतो.

सर्वांत जास्त काळजी मला उष्णतेची घ्यावी लागली. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कमी वेगाने चालणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला केवळ पंख्याचा आधार असतो, आणि तो पंखा जवळजवळ अखंड फिरत राहतो. बैठकीच्या उजव्या बाजूला इंजिनाची धग इतकी येते की जाड पँट घालूनही मांडी भाजल्यासारखी वाटते. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत फेरी संपवणे हाच त्यावरचा उपाय आहे. तरीही रेडिएटरचा खरा शत्रू उन्हाळा नव्हे. पावसाळा सरल्यावर बरडावरचे कुसळी गवत पिकते आणि त्याची कुसळे रेडिएटरच्या बारीक पाकळ्यांत सुईसारखी रुतून बसतात. त्यावर चिखलाचा शिंतोडा सुकला की हवेचा मार्गच बंद होतो, आणि गुलाबी थंडीतही तापमानाचा दिवा लागतो. बाहेरून कितीही स्वच्छ दिसले तरी प्रत्येक फेरीनंतर मागच्या बाजूने, साध्या नळाच्या धारेने रेडिएटर धुवावा. सर्व्हिसिंग सेंटरची जोरदार फवारणी पाकळ्या वाकवते, म्हणून ती टाळावी. रेडिएटर उंचावर बसवलेली आणि समोर जाळी असलेली गाडी मिळाली तर तिला झुकते माप द्यावे.

कायद्याच्या बाबतीत स्पष्ट असावे. अशा गाड्यांची सर्वसाधारणपणे रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ची ट्रॅक्टर म्हणून नोंदता येणारी आवृत्ती भारतात आणली होती, तो अपवाद. नोंदणी नसलेली गाडी अमरावती महामार्गावर किंवा काटोल रस्त्यावर चालवू नये. मी ती छोट्या हत्तीतून नेतो. हौद्यात ती बसते, पण चढवण्यासाठी मजबूत फळ्या आणि बांधण्यासाठी चार रॅचेट पट्टे हवेत. पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला ही वन्यजीवांची क्षेत्रे आहेत, तेथे खाजगी एटीव्ही नेण्याचा विचारही करू नये. शेतांच्या बाबतीतही पेरणी झाल्यावर धुऱ्याच्या आत चाक घालू नये. ज्यांच्या जमिनीवरून आपण जातो, त्या काकांना आधी विचारले तर ते स्वतःच नाल्याची चांगली उतरण दाखवतात.

देखभालीचे वेळापत्रक किलोमीटरपेक्षा इंजिनाच्या तासांवर पाळावे. पहिल्या वीस-पंचवीस तासांनंतरची सर्व्हिस अजिबात लांबवू नये, आणि आपल्या धुळीत एअर फिल्टर माहितीपुस्तिकेत सांगितले आहे त्यापेक्षा पुष्कळ आधी स्वच्छ करावा. बाहेरून आयात होणाऱ्या अनेक एटीव्हींच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते, तर आपल्या पंपांवर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल मिळते. विक्रेत्याकडून याबाबत लेखी उत्तर घ्यावे आणि गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. सुट्या भागांचा अनुभव मला निराश करणारा होता: पुढच्या चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याचे, म्हणजे सीव्ही जॉइंटचे, रबरी आवरण (बूट) काट्याने फाटल्यावर नवे येईपर्यंत कित्येक आठवडे गाडी झाकून ठेवावी लागली. तेव्हापासून एक बेल्ट, दोन बूट, स्पार्क प्लग आणि एक फिल्टर घरात ठेवतो.

रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच घ्यावी, आणि साधारण ११०० किलो ओढ असलेली पुरते. स्टीलच्या तारेऐवजी सिंथेटिक दोर निवडावा, कारण तो तुटला तरी तारेसारखा जोराने उसळत नाही. काळ्या मातीच्या शेतात विंच अडकवायला झाड जवळ नसते, म्हणून लांब जादा पट्टा सोबत असावा. विंच चालवताना इंजिन सुरूच ठेवावे, अन्यथा लहान बॅटरी चिखलातच उतरते. हेल्मेट आणि घोट्याच्या वरचे बूट हे गाडीच्या किमतीतच धरावेत, आणि एका बैठकीच्या गाडीवर दुसऱ्या माणसाला कधीही बसवू नये. वजन मागे गेले की चढावर पुढची चाके उचलली जातात.

निवड करताना शोरूमच्या फरशीवरची फेरी पुरेशी मानू नये. विक्रेत्याला ओल्या जमिनीवर गाडी दाखवायला सांगावे, लो रेंजमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडून उतारावर ती इंजिनाच्या रोधाने किती थांबते ते पाहावे, लॉक लावून हँडल वळवून बघावे, एअर फिल्टर स्वतःच्या हाताने उघडून परत बसवावा आणि बेल्ट व सीव्ही बूट नागपुरात आज शिल्लक आहेत का, हे काउंटरवर प्रत्यक्ष पाहावे. या कसोट्यांना उतरणारी ४५० सीसीची गाडी मिळाली, तर तिच्यासाठी मी निःसंकोचपणे ७०० सीसीची गाडी सोडेन.