हिवाळ्यात वाचावं असं: 'द विंटर हार्वेस्ट हँडबुक'

कडाक्याच्या थंडीत भाजी लावणाऱ्यांनी एलियट कोलमन यांचं हे २००९चं पुस्तक जरूर वाचावं. अमेरिकेतल्या मेन राज्यात ते हीटर न लावलेल्या हरितगृहात, आत पातळ कापडाचं दुसरं आवरण घालून पालक, गाजर घेतात. कापड ओल्या पानांवर टेकलं तर तिथेच गोठून चिकटतं, म्हणून ते फूटभर उंच तारेच्या कमानींवर ताणायचं.

खरा मुद्दा उजेडाचा. दिवस १० तासांहून लहान झाला की वाढ जवळजवळ थांबते, त्यामुळे रोपं नोव्हेंबरआधीच जवळजवळ पूर्ण वाढलेली हवीत. हे प्रकरण तर दोनदा वाचा! मुंबईत सर्वांत लहान दिवसही जवळपास ११ तासांचा, तेव्हा वेळापत्रक इकडे लागू नाही. बोस्टन-टोरांटोकरांनी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरच्या पेरण्या जानेवारीतच वहीत मांडाव्यात.