चर्चच्या बारा लाइटी आणि फुकटचं सॉफ्टवेअर

गेल्या नाताळच्या उपासनेत पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, पहिलं वाक्य बोलले आणि वेदीमागच्या भिंतीवर लाल-हिरवा-निळा उजेड नाचायला लागला. साहेब थांबले की उजेड थांबायचा, बोलले की पुन्हा सुरू. मागच्या बाकावरची पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. त्यातलाच एक माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "टीचर, लाइटी साहेबांचं लई मन लावून ऐकाय लागल्यात."

झालं होतं एवढंच, की ज्या लॅपटॉपवरून क्यूएलसी प्लस नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरनं आम्ही लाइटी चालवतो, तो बराच वेळ कुणी हात लावला नाही म्हणून झोपी गेला आणि सिग्नल तुटला. आमच्या 'पार' जातीच्या (गोल डब्यासारख्या, झोत टाकणाऱ्या) लाइटींना सिग्नल मिळेनासा झाला की त्या आवाजाच्या मोडवर जातात. प्रत्येकीच्या पोटात बारका माइक असतो, आवाज ऐकला की ती रंग बदलते. वरातीला हे झकास. उपदेशाला नाही.

आमचं चर्च सांगलीत, जुनं. २०१९ च्या महापुरात पाणी हॉलमध्ये शिरलं आणि वेदीशेजारच्या कपाटातला, उजेड कमी-जास्त करायचा डिमर बोर्ड चिखलात गेला. मग बरीच वर्षं ट्यूबलाइटवर भागलं. अखेर कमिटीनं बारा एलईडी पार घेतले आणि रिमोट माझ्या हातात ठेवला. "तुम्हाला कॉम्प्युटर येतो, लाइटचंही तुम्हीच बघा." मी ज्युनियर कॉलेजला कॉम्प्युटर शिकवते. प्रिंटर बिघडला तरी लोक मलाच बोलावतात, तेव्हा नवल नव्हतं.

ज्यांना या कामाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या लाइटी डीएमएक्स नावाच्या भाषेत बोलतात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रंगमंच तंत्रज्ञांच्या संस्थेनं ती ठरवली आणि आजही तीच चालते. एका वायरीवर ५१२ चॅनल, प्रत्येक चॅनलवर ० ते २५५ यातला एक आकडा. आमच्या एका पारला सात चॅनल लागतात: एक एकूण उजेडाचा, तीन रंगांचे, एक फ्लॅशचा, आणि उरलेले दोन ज्यांना मी कधी हात लावत नाही. बारा साते चौऱ्याऐंशी. पहिल्या लाइटीचा पत्ता, म्हणजे तिच्या पहिल्या चॅनलचा नंबर, ००१, दुसरीचा ००८, तिसरीचा ०१५, असं करत बारावीचा ०७८. एकीचा पत्ता चुकून दुसरीचा दिला तर दोघी जुळ्या बहिणींसारख्या वागतात. माझा एक अख्खा शनिवार त्यात गेला.

सॉफ्टवेअर शोधताना पहिली चाळणी सोपी होती. लाइटकी दिसायला फार देखणं, पण फक्त मॅकवर चालतं, आणि आमच्या अख्ख्या मंडळीत मॅक कुणाकडे असेल असं वाटत नाही. ग्रँडएमए मोठ्या स्टेज शोचं. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण लाइटीपर्यंत सिग्नल न्यायचा तर त्यांचंच हार्डवेअर घ्यावं लागतं. बारा पारसाठी ते म्हणजे भाजी आणायला ट्रक. मॅजिकक्यू हे ब्रिटिश कंपनीचं, तेही फुकट उतरवता येतं. त्यावर मी दोन आठवडे खरंच मेहनत घेतली. ताकद दांडगी आहे, यात वाद नाही. पण प्रोग्रॅम उघडला की खऱ्या कन्सोलचं, म्हणजे लाइटी चालवायच्या मोठ्या बोर्डाचं, चित्र समोर येतं, बटणंच बटणं. ज्यानं आयुष्यात कन्सोलला हात लावलाय त्याला ते घरच्यासारखं वाटत असेल. रविवारी सकाळी साडेआठला अर्धवट झोपेत आलेल्या अकरावीच्या पोराला नाही.

मग क्यूएलसी प्लस. फुकट, आणि सोर्स कोडही खुला, म्हणजे कुणीही बघावा, बदलावा. विंडोज, लिनक्स, मॅक, अगदी रास्पबेरी पाय नावाच्या बारक्या कॉम्प्युटरवरही चालतं. मी ते कॉलेजमधून निवृत्त झालेल्या एका लॅपटॉपवर लिनक्स टाकून चालवते, चार जीबी रॅमवर.

याच्या यादीत भरपूर लाइटींची माहिती आधीच भरलेली असते, पण आमच्या पारच्या पाठीवर धड कंपनीचं नावसुद्धा नाही, त्या कुठून सापडणार? सोबत येणाऱ्या एडिटरमध्ये मी स्वतः त्यांची व्याख्या लिहिली: चॅनल एक उजेड, दोन लाल, तीन हिरवा. अर्धा तास लागला. ती एकदा केली की पुढचं सगळं रंगाच्या चकतीवर बोट ठेवण्याइतकं सोपं.

मला यात मनापासून आवडली ती व्हर्च्युअल कन्सोल. कोरी पाटी मिळते, तिच्यावर हवं तेवढंच मांडायचं. मी सहा मोठी बटणं मांडली, मराठीत नावं देऊन: प्रवेश, गीत, वाचन, उपदेश, प्रभुभोजन, सगळं बंद. ही सहाही ज्या चौकटीत ठेवली तिला सोलो फ्रेम म्हणतात. तिच्यातलं एक बटण दाबलं की आधीचं आपोआप सुटतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे नव्हतं तेव्हा पोरं 'उपदेश' दाबायची, 'गीत' बंद करायला विसरायची, आणि साहेबांचा चेहरा जांभळा दिसायचा. आता चुकायला जागाच उरली नाही. प्रोग्रॅम किऑस्क मोडमध्ये सुरू केला की ही सहा बटणं सोडून दुसरं काही दिसतही नाही, बिघडवतही येत नाही. शिवाय वेब ॲक्सेस चालू ठेवला की त्याच वायफायवरच्या मोबाइलमध्ये हीच बटणं उघडतात. मी कधी कधी तिसऱ्या बाकावर बसून पदराआडून लाइट बदलते, आणि शेजारच्या मावशींना वाटतं मी उपासनेत व्हॉट्सॲप बघतेय.

रंगांबद्दल एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअर शिकवत नाही. ती मला राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना प्रकाशयोजना करणाऱ्या एका काकांनी शिकवली. सांगली म्हणजे नाटकवाल्यांचं गाव, १८४३ पासूनचं. असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. काका चर्चमध्ये आले, लाल-हिरवा-निळा तिन्ही पूर्ण चढवून मी केलेला 'पांढरा' बघितला आणि म्हणाले, "पास्टरांना काय कावीळ झालीय का ताप आलाय?" तीन रंग मिसळून केलेला पांढरा भिंतीवर पांढरा दिसतो, पण सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखा. त्यांनी निळा निम्म्याच्या खाली आणला, हिरवा थोडा उतरवला आणि दोन्ही बाजूंनी तिरक्या लाइटी लावायला सांगितल्या. पाच मिनिटांत माणूस माणसासारखा दिसायला लागला. पुढे आम्ही चेहऱ्यासाठी साध्या वॉर्म व्हाइट दोन लाइटी वेगळ्या घेतल्या. ते पैसे सगळ्यात सत्कारणी लागले.

आता केबलचं रडगाणं. यूएसबीतून डीएमएक्स काढणारी जी स्वस्त केबल मी आधी घेतली, तिच्यात स्वतःचं डोकं नसतं. सेकंदाला कितीदा, कसा सिग्नल पाठवायचा हे सगळं लॅपटॉपनं बघायचं. त्यानं मध्येच दुसरं काही काम काढलं की लाइट फडफडते. आधी मी सॉफ्टवेअरलाच शिव्या घालत होते. मग स्वतःचा प्रोसेसर असलेली पेटी आणली, केबलच्या दसपट किमतीची, आणि फडफड निम्म्यानं गेली. उरलेली निम्मी आमच्या साउंडवाल्यानं दिलेल्या माइकच्या वायरीची होती. दिसायला प्लग सारखाच, पण आतली वायर वेगळी. डीएमएक्सची वायर आणली आणि शेवटच्या लाइटीच्या रिकाम्या राहिलेल्या सॉकेटमध्ये टर्मिनेटर लावला. टर्मिनेटर म्हणजे काय तर दोन आणि तीन नंबरच्या पिनमध्ये सोल्डरनं डाग दिलेला १२० ओहमचा रेझिस्टर. दोन रुपयांची वस्तू. माझ्या मते सॉफ्टवेअरवर खर्च करायचे ते पैसे या पेटीवर आणि वायरीवर घालावेत. आणि हो, लॅपटॉपचं स्लीप बंद करा. हात जोडून सांगते.

तक्रार म्हणाल तर आहे. क्यूएलसी प्लसची मदतपुस्तिका इंग्रजीत आहे आणि सीन (लाइटींची एक ठरवलेली मांडणी), चेसर (अशा मांडण्या एकामागून एक), कलेक्शन (अनेक एकदम) हा फरक कळेपर्यंत डोकं गरगरतं. मांडायचा डिझाइन मोड आणि चालवायचा ऑपरेट मोड वेगळे आहेत हे कळेपर्यंत मी दोन संध्याकाळी बटणांवर नुसतीच टकटक करत बसले होते.

खरी परीक्षा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) झाली. बारा ते तीन, वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार. बाहेर एप्रिलचं ऊन, आत पडदे ओढलेले. क्यू लिस्टमध्ये, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या बदलांच्या यादीत, मी सात पायऱ्या घातल्या, प्रत्येक उद्गारानंतर उजेड चाळीस सेकंदांत थोडा उतरायचा. शेवटी फक्त क्रूसावरची एक लाइट, तीही विझणार. गुरुवारी रात्री तालीम केली तेव्हा खोट दिसली: मुळात उजेडाचे आकडे ० ते २५५, म्हणजे २५६ च असल्यामुळे अगदी खाली आल्यावर उजेड सरकत नाही, अडखळत उतरतो. डोळ्याला प्रत्येक धक्का जाणवतो. शेवटी शेवटची उतरण बाराव्या आकड्यावर थांबवली आणि तिथून एकदम शून्य. लोकांना वाटलं मुद्दामच तसं केलंय. सातव्या उद्गारानंतर पूर्ण अंधार झाला आणि दोन मिनिटं कुणी हललं नाही. मग पुढच्या रांगेतून एका आजींचा आवाज आला, "लाइट गेली वाटतं. पंखा कसा काय चालू?"

क्यूएलसी प्लसला पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण त्या मदतपुस्तिकेचा कापला.

बटणं दाबणारा आमचा पोरगा जूनमध्ये डिप्लोमाला पुण्याला गेला. त्याच्या जागी आता त्याची नववीतली बहीण बसते. पहिल्या रविवारी तिला शिकवायला म्हणून मी अर्धा तास आधी गेले, तर तिनं बटणं वाचून सगळं करून बघितलेलं होतं. फक्त एकच विचारलं, "टीचर, 'गीत'चा रंग बदलू का? दादाला निळाच आवडायचा."