लष्करी नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी: इंदूरच्या एका वर्गाचा अनुभव

गीता भवन चौकाच्या आसपास वैद्यकीय प्रवेशाचे आणि स्पर्धा परीक्षांचे इतके वर्ग आहेत की नुसते फलक वाचता वाचता पालक गोंधळून जातात. त्यांपैकी एका वर्गात माझ्या भावाच्या मुलीने गेल्या वर्षी नोव्हेंबरपासून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या प्रवेशाची तयारी केली. मी स्वतः ३१ वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, त्यामुळे वर्ग निवडणे, फी भरणे आणि पालकसभांना हजर राहणे ही सर्व कामे भावाने माझ्याकडेच सोपवली होती. वर्गाविषयी काही गंभीर तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे मी त्याचे नाव येथे देत नाही. परंतु रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतले अनेक मराठी पालक सध्या अशीच चौकशी करत आहेत, आणि वर्ग कोणताही असला तरी तो कसा पारखावा हे त्यांना या अनुभवावरून ठरवता येईल.

प्रथम माहितीपत्रकाविषयी लिहिते, कारण आमची पहिली फसगत तेथेच झाली. मुखपृष्ठावर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतील संचलनाचे छायाचित्र होते आणि त्याखाली ‘पदवी आणि अधिकारी प्रशिक्षण, दोन्ही एकत्र’ असे ठळक अक्षरांत छापले होते. वाक्य खोटे नाही, पण त्या छायाचित्रासोबत ते वाचले की गैरसमज होतो. चेन्नईच्या अकॅडमीत ज्या मुली जातात त्या लष्कराच्या इतर शाखांत अधिकारी होतात. नर्सिंगकडे जाणाऱ्या मुलीची जडणघडण रुग्णालयाला जोडलेल्या नर्सिंग महाविद्यालयातच होते. पुण्याचे एएफएमसी (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय), मुंबईचे नौदलाचे रुग्णालय आयएनएचएस अश्विनी, दिल्लीचे आर्मी हॉस्पिटल, कोलकाता आणि लखनौ येथील कमांड हॉस्पिटले आणि बंगळुरूचे हवाई दलाचे कमांड हॉस्पिटल अशी ही सहा महाविद्यालये आहेत. तेथे मुलगी चार वर्षे बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यास करते, वॉर्डात काम शिकते आणि त्याच काळात कॅडेट म्हणून गणवेश, कवायत, वसतिगृहाची शिस्त हे सारे अंगवळणी पाडून घेते. राहणे आणि जेवण विनामूल्य असते, दरमहा विद्यावेतन मिळते, आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर तिच्या खांद्यावर लेफ्टनंटचे तारे चढतात. त्या बदल्यात ठरावीक काळ सेवा करण्याचा करार प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावा लागतो, याचा उल्लेख माहितीपत्रकात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत होता.

ग्वाल्हेरहून आलेल्या एका पालकांनी, त्यांच्या गावच्या अकॅडमीत मुलींना पाठवतात का, असे विचारले तेव्हा समुपदेशकाला उत्तर देता आले नाही. ग्वाल्हेरची ती संस्था एनसीसीचे काम पाहणाऱ्या शिक्षिकांना प्रशिक्षण देते आणि तिचा नर्सिंगशी संबंध नाही, एवढे साधे उत्तर होते. जो वर्ग या एकाच सेवेच्या प्रवेशाची तयारी करून घेण्याचे ३८,००० रुपये घेतो, त्याच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवे.

नीट परीक्षेची तयारी चांगली होती. जीवशास्त्राचे शिक्षक मनापासून शिकवत, रसायनशास्त्राचे बदलत राहिले. इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्ता यांच्या चाचण्या दर आठवड्याला नेमाने होत आणि उत्तरपत्रिका तीन दिवसांत तपासून मिळत. त्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही, कारण या चौकातील इतर चांगल्या वर्गांतही ते मिळते.

या वर्गाचे खरे मोल शनिवारी दुपारच्या तासात आहे. लष्करी रुग्णालयांत दीर्घ सेवा करून निवृत्त झालेल्या एक मेजर मॅडम हा तास घेतात, आणि पालकांना मागच्या बाकांवर बसण्याची मुभा असते. मी एकही शनिवार चुकवला नाही. सेवेचा इतिहास त्यांनी पहिल्याच दोन तासांत सांगितला: २८ मार्च १८८८ रोजी मुंबईच्या बंदरात उतरलेल्या दहा परिचारिका, १ ऑक्टोबर १९२६ रोजी झालेली कायम सेवेची स्थापना, १९४३ च्या अध्यादेशाने मिळालेला अधिकारीपदाचा दर्जा, आणि १९७६ मध्ये भारतीय लष्करातील पहिल्या महिला मेजर जनरल झालेल्या गर्ट्रूड अ‍ॅलिस राम. ही नावे आणि वर्षे मुली पाठ करतीलच, परंतु लष्करात त्या उच्च पदावर पोहोचलेली पहिली स्त्री नर्सिंग सेवेतून आली होती हे सांगताना मॅडमचा आवाज भरून आला होता, आणि मागे बसलेल्या मलाही माझी सारी नोकरी आठवली.

त्यानंतरचे तास सराव मुलाखतींचे होते. माझ्या भाचीला त्यांनी विचारलेला एक प्रश्न मी सविस्तर लिहिते, कारण लष्करी नर्सिंग म्हणजे काय, हे मला त्याच्याइतके स्वच्छ कोणीच सांगितलेले नाही. रात्रपाळी आहे, वॉर्डात तू एकटी नर्सिंग अधिकारी आहेस, अपघातातले दोन जवान एकाच वेळी आणले आहेत. एक वेदनेने ओरडतो आहे, दुसरा गप्प पडून आहे. तू कोणाकडे जाशील? भाची म्हणाली, ओरडणाऱ्याकडे. मॅडम म्हणाल्या, जो ओरडतो आहे त्याचा श्वास चालू आहे एवढे तरी तुला दुरून कळते आहे. गप्प पडलेल्याचे काहीच कळत नाही, म्हणून आधी त्याच्याकडे जायचे. प्रत्येक परिचारिका हे पहिल्या एक-दोन वर्षांत शिकते, काही वेळा फार महागात शिकते, आणि बारावीच्या मुलीला ते आधीच सांगणारी बाई मला तिथे प्रथम भेटली.

पण मॅडम तेथे थांबल्या नाहीत. आता त्या ओरडणाऱ्या जवानाजवळ कोणाला पाठवशील, असे त्यांनी विचारले. हाताखाली एक नर्सिंग असिस्टंट आहे, हुद्द्याने हवालदार, तुझ्याहून वीस वर्षांनी मोठा, आणि तू लेफ्टनंट होऊन जेमतेम महिना झाला आहे. त्याला काय सांगशील, कोणत्या शब्दांत सांगशील, आणि त्याने तुझ्या सांगण्यापेक्षा वेगळे काही सुचवले तर ऐकशील की नाही? भाचीला बराच वेळ उत्तर सुचले नाही. परतीच्या वाटेवर सिटी बसमध्ये ती म्हणाली, “आत्या, तारे लागले की माणसं आपोआप ऐकतात असं मला वाटत होतं.” मी तिला माझ्या पहिल्या वॉर्डातल्या वयस्क वॉर्डबॉयची गोष्ट सांगितली, त्यांना मी दादा म्हणत असे आणि कामात मात्र एक मिनिटाचीही ढिलाई चालू देत नसे. पुढच्या शनिवारी तिने मॅडमना जे उत्तर दिले त्यात हवालदाराला काय तपासायचे, किती वेळाने कळवायचे आणि काय बिघडल्यास लगेच हाक मारायची, हे तिन्ही स्पष्ट होते. परिचारिका आणि अधिकारी ही दोन वेगळी कामे नाहीत हे तिला त्या उत्तरात सापडले, आणि आमची फी तेथे वसूल झाली असे मी मानते.

मॅडम पालकांनाही गोड बोलून टाळत नसत. वेतन सैन्यातील इतर अधिकाऱ्यांइतकेच आहे का, असे एका वडिलांनी विचारले, तेव्हा त्यांनी सातव्या वेतन आयोगाचे आकडे फळ्यावर लिहिले: लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते, परंतु मूळ वेतनाशिवाय मिळणारे सैनिकी सेवा वेतन इतर अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये, तर नर्सिंग अधिकाऱ्यांना १०,८०० रुपये ठरले. माहितीपत्रकात मात्र ‘सर्व सोयी अधिकाऱ्यांप्रमाणेच’ एवढेच लिहिलेले आहे. लग्नाचा प्रश्नही आला, आणि आपल्या घरांत तो येतोच. प्रवेशाच्या अटी त्यांनी आधी समजावून दिल्या आणि मग सेलिना जॉन यांचा खटला सांगितला: विवाह केला म्हणून १९८८ मध्ये सेवेतून काढलेल्या या नर्सिंग अधिकाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि असा नियम मनमानी ठरवला. बाईंनी ३६ वर्षे वाट पाहिली, हे ऐकून सभागृहात कोणी बोलले नाही.

आता उरलेल्या तक्रारी. नीटचा निकाल लागला की लष्कराकडून आपोआप बोलावणे येते, अशी समजूत वर्गातील निम्म्या मुलींची होती. प्रत्यक्षात लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. त्यातून निवड झालेल्यांची बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकीय चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. कार्यालयाने याची सूचना फळ्यावर लावली ती मुदत संपायला चार दिवस उरले असताना, आणि एका मुलीचा अर्ज राहून गेला. तिचे एक वर्ष गेले, आणि वर्गाने त्याबद्दल साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही. याचे मला आजही वाईट वाटते. किमान उंची १५२ सेंटिमीटर असावी लागते, हीसुद्धा फी घेण्यापूर्वी सांगण्याची गोष्ट आहे. आमच्या तुकडीत ती जानेवारीत सांगितली गेली.

देवास आणि खरगोनहून आलेल्या दोन मुली आधीच बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या होत्या. त्यांचा मार्ग निराळा असतो: राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशनची (ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदाची) वेगळी परीक्षा, जिच्यात नर्सिंग हाच मुख्य विषय. नीटच्या जीवशास्त्राचा त्यांना काहीही उपयोग नव्हता, तरी वर्गाने त्यांना त्याच तुकडीत, त्याच फीत बसवले. त्या दोघी शनिवारच्या तासासाठी येत राहिल्या आणि इतर दिवशी वाचनालयात बसून आपला अभ्यास करत. महूच्या लष्करी रुग्णालयाची भेट माहितीपत्रकात छापलेली होती; ती झाली नाही.

भाची दिल्ली छावणीच्या बेस हॉस्पिटलमधून मुलाखत आणि तपासणी आटोपून परतली आहे आणि आम्ही यादीची वाट पाहत आहोत. यादीत नाव आले किंवा न आले, तरी वर लिहिलेले मत बदलणार नाही. पदवीधर मुलींना मी या वर्गात पाठवणार नाही. बारावीच्या मुलींना पाठवीन, पण अर्जाची तारीख घरच्यांनी स्वतः पाहावी, वर्गावर सोपवू नये. आणि कोणत्याही वर्गाची फी भरण्यापूर्वी मुलीला घेऊन मुलाखतीच्या एका तासाला मागच्या बाकावर बसून यावे. या वर्गात तो तास शनिवारी दुपारी ३ वाजता असतो आणि त्यासाठी पैसे घेत नाहीत.