सरळ केसांत ड्रेडलॉक्स: ट्विस्ट अँड रिप, बॅककोंबिंग, क्रोशे की नुसतं सोडून द्यायचं?

सरळ केसांत ड्रेडलॉक्स किंवा ड्रेड्स, म्हणजे केस गुंतवून केलेल्या दोरखंडासारख्या बटा, टिकत नाहीत, असं सलूनमध्ये अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही. टिकतात, पण कुरळ्या केसांसाठी असलेल्या पद्धतीने केले तर टिकत नाहीत, आणि निम्मी निराशा तिथेच होते. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केसाचा काप (आडवा छेद) लंबगोल असतो आणि केस मुळापासूनच वळत बाहेर येतो. त्यामुळे दोन पेडांचा पीळ घालून सोडला की तो आतल्या आत गुंतत जातो. ड्रेड्ससाठी ओळखला जाणारा रास्ताफारी पंथ जमैकात उभा राहिला तो अशाच केसांच्या लोकांमध्ये. आपल्याकडच्या बहुतेक सरळ केसांचा काप गोलसर, केस जाड आणि वरचं आवरण गुळगुळीत. त्यात घातलेला नुसता पीळ उशीवर डोकं टेकताच सुटायला लागतो. म्हणून व्हिडिओत दिसणारे कोंब कॉइल्स (फणीने गोल पिळलेल्या बटा) किंवा दोन पेडांचे ट्विस्ट्स सरळ केसांसाठी यादीतून आधीच काढून टाका.

मग उरतात चार रस्ते: बॅककोंबिंग, ट्विस्ट अँड रिप, पूर्ण क्रोशे, आणि काहीही न करता केस आपोआप गुंतू देणं. पहिल्या दिवशी डोकं कसं दिसतं, यावर यातली निवड करू नये असं मला ठामपणे वाटतं. ड्रेड पक्का व्हायला सरळ केसांत साधारण दीड ते दोन वर्षं लागतात. एवढा काळ तुमच्या केसांची मुळं कोण सांभाळणार, तुम्ही राहता तिथली हवा किती दमट आणि रोज डोक्यावर हेल्मेट असतं का, या तीन प्रश्नांवर पद्धत ठरते.

आधी केस तपासा

कमीत कमी 15 सेंटिमीटर लांबी हवी, 20 ते 25 असेल तर काम सोपं जातं. गुंता होताना लांबी आटते, पहिल्या वर्षात सहज एक तृतीयांश. खांद्याखाली रुळणारे केस हनुवटीपाशी आले तर घाबरू नका.

गेल्या वर्षभरात स्मूदनिंग किंवा केराटिन केलं असेल तर थांबा. तो केस घसरतोही आणि तुटतोही, त्यामुळे नवे केस पुरेसे वाढू द्या. कपाळाजवळचे केस विरळ होत असतील, टाळूवर सोरायसिस असेल किंवा हट्टी कोंडा असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गुंत्याखालच्या टाळूवर औषध पोचवणं फार जिकिरीचं होतं.

भाग पाडणं सगळ्या पद्धतींत सारखंच. साधारण अडीच सेंटिमीटरचे चौकोन घेतले की मध्यम दाट केसांत चाळीस ते साठ ड्रेड्स होतात. चौकोनांच्या ओळी विटांच्या भिंतीसारख्या एकाआड एक सरकवून घ्यायच्या, म्हणजे मधली टाळू रेघेसारखी दिसत नाही. चौकोन लहान घेतले तर ड्रेड बारीक होतो आणि लवकर वाळतो. मोठे घेतले तर तो जाड, भारदस्त दिसतो, पण आत ओल राहते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

बॅककोंबिंग आणि ट्विस्ट अँड रिप

या दोन पद्धती एकमेकींच्या सगळ्यात जवळच्या, आणि बहुतेकांची निवड यांतच होते.

बॅककोंबिंगमध्ये भाग ताणून धरतात आणि बारीक दातांच्या, शक्यतो धातूच्या फणीने मुळापासून एक-दोन सेंटिमीटर अंतरावरून केस टाळूकडे ढकलत जातात. थोडं थोडं करत टोकापर्यंत. भाग फुगतो, मग तो तळहातात वळून दंडगोल करतात. त्याच दिवशी डोकं ड्रेड्सचं दिसतं, आकार एकसारखा येतो आणि फोटो छान येतात. अडचण दोन आठवड्यांनी सुरू होते. फणीने केलेला गुंता मुळात केस आखडून झालेला असतो, विणला गेलेला नसतो. दोन धुण्यांत सरळ केस त्यातून सटकायला लागतात आणि सगळं पिंजारतं. शिवाय उलट्या फणीने केसाचं आवरण सोलवटतं. बारीक, नाजूक केसांना हे सोसत नाही.

ट्विस्ट अँड रिपमध्ये अवजारच नाही. चौकोनातले केस टोकाकडे दोन-तीन वेढे पिळायचे. मग त्यांचे वाटेल तसे दोन भाग करून ते एकमेकांपासून लांब ओढायचे. पीळ वर सरकत मुळाशी जाऊन बसतो. पुन्हा पिळायचं, पण या वेळी वेगळ्या जागी फाकवायचं. दर खेपेला केस नव्या शेजाऱ्यात अडकतो आणि गुंता एकमेकांत विणत खाली उतरतो. पहिल्या तासात हात चुकतो, मग लय सापडते. मुळाशी पीळ येऊन बसला की बोटांना तो घट्ट लागतो. तो घट्टपणा आल्याशिवाय खाली सरकू नका, नाहीतर वरचा भाग पोकळ राहतो.

दिसायला ट्विस्ट अँड रिप खडबडीत. उंचवटे येतात, कुठे केसांचे फासे बाहेर डोकावतात, कुठे ड्रेड वाकडा होतो. पण महिन्याभराने तुलना केली तर तो बॅककोंबिंगपेक्षा जास्त शिल्लक असतो, आणि केस तुलनेने कमी तुटतात. दोन्हींना पूर्ण दिवस लागतो. मागच्या डोक्यासाठी मैत्रीण, भाऊ, कोणीतरी धीराचं माणूस हवंच.

माझी शिफारस बहुतेकांसाठी ट्विस्ट अँड रिपची आहे. केस फार निसरडे असतील तर मुळाशी किंचित बॅककोंबिंग आणि बाकी लांबी ट्विस्ट अँड रिपने, असा मेळही चांगला बसतो.

पूर्ण क्रोशे

बारीक, साधारण 0.5 ते 0.75 मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईने केस सगळ्या दिशांनी आतबाहेर ओढत विणले जातात. पहिल्याच दिवशी ड्रेड घट्ट आणि नीटनेटका होतो, मोकळे केस जवळपास नसतात. ऑफिसात विस्कटलेलं डोकं चालणार नसेल किंवा महिन्याभरात घरात लग्न असेल, तर ही एकच पद्धत तेवढं रूप देते.

किंमत मात्र दोन प्रकारे मोजावी लागते. पैसे इथे सगळ्यात जास्त जातात, कारण कुशल हाताचे तास लागतात आणि एका बैठकीत काम होईलच असं नाही. दुसरी किंमत केसांची. सुई घाईने ओढली की केस तुटतो. खुर्चीत बसल्यावर कानाशी सतत बारीक कट-कट ऐकू येत असेल तर कारागिराला तिथेच थांबवा. चांगल्या हाताखाली सुई जवळजवळ गुपचूप चालते. आणि मोकळे केस दिसले की दर पंधरा दिवसांनी सुई फिरवण्याचा मोह झाला, तर वर्षभरात ड्रेडच्या मध्ये बारीक, कमकुवत जागा तयार होते आणि तिथून तो लोंबायला लागतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे.

ट्विस्ट अँड रिप करणाऱ्यांनीही सुरुवातीला एकदा हलक्या हाताने क्रोशे करून मोठे फासे आत घेतले तर फायदाच होतो.

नुसतं सोडून देणं

फणी बंद, कंडिशनर बंद, केस धुणं मात्र चालू. फुकट, केसाला सगळ्यात कमी इजा, आणि तयार झालेले ड्रेड्स दणकट. पण सरळ, जाड केसांत पहिले सहा महिने ड्रेड असा दिसतच नाही, फक्त न विंचरलेलं डोकं दिसतं. आकार तुमच्या हातात नसतो.

आणि याला 'काहीच न करणं' समजू नका. दर धुण्यानंतर शेजारचे पुंजके बोटांनी मुळापर्यंत वेगळे करावे लागतात. ते राहिलं की तीन-चार पुंजके मिळून एक चपटं, जड पोळं होतं आणि नंतर कात्रीशिवाय ते सुटत नाही. ज्यांना घाई नाही आणि लोकांच्या नजरेची फिकीर नाही, त्यांनीच हा रस्ता धरावा.

निर्णयच होत नसेल तर कृत्रिम ड्रेड्स वेण्यांत गुंफून सहा-आठ आठवडे वापरून बघा. वजन, झोप, हेल्मेट, आरशातला चेहरा, सगळ्याचा अंदाज येतो. मात्र फार जड घेऊ नका. कानशिलाजवळचे केस ओढले जाऊन कायमचे विरळ होऊ शकतात.

मुळं

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, आणि नवा केस सरळच येतो. म्हणून सरळ केसांच्या ड्रेड्सची मुळं कायम सैल दिसतात. ते मान्य करता येत नसेल तर ड्रेड्स करू नका. मुळाशी बोटाने गोल घासणं हा सौम्य उपाय, आठवड्यातून दोन-तीनदा. दुसरा उपाय इंटरलॉकिंग, म्हणजे ड्रेडचं टोक मुळातून आरपार ओवून घेणं. लगेच घट्ट होतं, पण दर वेळी एकाच दिशेने ओवलं तर मुळाशी भोक पडतं आणि फार घट्ट केलं तर टाळू ताणली जाते. एकदा उभं, पुढच्या खेपेला आडवं ओवायचं. ओवल्यावर डोकं दुखत असेल तर ते जास्त घट्ट झालंय.

ड्रेड धरून ठेवायला रबरबँड लावले असतील तर ते पहिले काही आठवडेच ठेवा, मग काढून टाका. वॅक्स अजिबात नको, कुठल्याच पद्धतीत. ते धुवून निघत नाही, धूळ आणि गोधडीचे तंतू धरून ठेवतं आणि आत ओल कोंडतं.

पाणी, पावसाळा आणि खोबरेल

ड्रेड्सवाले केस धूत नाहीत हा समज चुकीचा आहे. तेलकट केस घसरतो, स्वच्छ केस धरतो. नवे ड्रेड्स पहिला आठवडा-दोन आठवडे कोरडे ठेवा, मग आठवड्यातून एक-दोनदा धुवा. मागे थर न ठेवणारा शांपू घ्या, नाहीतर रिठा. रिठा उकळून ते पाणी सुती कापडातून दोनदा गाळून घेतलं तर छान चालतं. शिकेकाईची पूड थेट लावू नका, तिचे कण आतच बसतात. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं पाणी तरी मऊ, गाळलेलं घ्या.

न्हाण्याआधी खोबरेल चोपडण्याची सवय मात्र सोडावी लागते. टाळू फारच कोरडी पडली तर बोटाच्या टोकावर दोन थेंब, फक्त टाळूला.

खरी परीक्षा वाळवण्याची. जून ते सप्टेंबर मुंबईत, कोकणात, गोव्यात जाड ड्रेड दिवसभर ओला राहतो आणि आत बुरशी धरते. कुबट वास एकदा बसला की जाता जात नाही. सकाळीच धुवा, एकेक ड्रेड मुठीत दाबत पाणी काढा, पंच्याने टिपा. टर्किश टॉवेलचे धागे अडकतात. मग पंखा किंवा कोमट ड्रायर. ओले ड्रेड्स बांधायचे नाहीत, ओल्या डोक्यावर हेल्मेट नाही, ओल्या डोक्याने झोप नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी म्हणूनच बारीक चौकोन घ्यावेत, आणि आपोआप हवे तेवढे जाड होऊ दिलेले ड्रेड्स टाळावेत. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत ही मोकळीक जास्त मिळते. समुद्राच्या पाण्याने केसाला पकड येते हे खरं, पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने मीठ आणि वाळू काढलीच पाहिजे.

रंगपंचमी आणि विसर्जनाची मिरवणूक: डोक्याला घट्ट फडकं बांधूनच जा. नव्या, सैल ड्रेडमध्ये शिरलेला गुलाल कितीही धुतला तरी आठवडे निघत राहतो.

घरच्यांचा प्रश्न

आपल्याकडे आजी-आईला हे पाहून जट आठवते, आणि त्यांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. केसांत जट आली म्हणजे देवीचा कौल, ती कापली तर कोप, या समजुतीपायी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अनेक मुलींना देवदासी म्हणून यल्लम्मा देवीला सोडलं गेलं. कित्येक बायका मानदुखी आणि उवा सोसत ते ओझं वागवत राहिल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, समजूत काढून अशा जटा सोडवल्या आहेत. घरात हा विषय निघाला तर नीट बसून सांगा की हे तुम्ही स्वतः ठरवलंय, टाळू धुतली जाते, आणि हवं तेव्हा काढता येतं.

काढताही येतं, हे खरंच आहे. टक्कलच करावं लागतं असं नाही. पाच-आठ सेंटिमीटर ठेवून बाकी कापायचं, उरलेला भाग कंडिशनरमध्ये भिजवून टोकाकडून दातेरी फणीने सोडवायचा. केसांचा मोठा ढीग हातात येईल. रोज साधारण पन्नास ते शंभर केस गळतातच आणि इतके महिने ते ड्रेडमध्येच अडकून होते, त्यामुळे ते एकदम दिसतात. ट्विस्ट अँड रिपचा वर्षभरापेक्षा कमी वयाचा ड्रेड असा सुटू शकतो. पूर्ण क्रोशेचा बहुतेकदा कापावाच लागतो, म्हणून मन पक्कं झालं नसेल तर सुईपासून लांब राहा.