हॉस्टेलच्या पोरांचं रक्तदान शिबिर, सयाजीगंज, वडोदरा – मनापासून पाच स्टार

माझा भाचा एमएस युनिव्हर्सिटीत शिकतो, त्याच्या हॉस्टेलच्या पोरांचा एक ग्रुप आहे, त्यांनी ठेवलेल्या कॅम्पला रविवारी दांडिया बाजारातून आम्ही तिघं गेलो. आधी तक्रार सांगते, फॉर्म भरायला एकच टेबल होतं, तासभर उभं राहावं लागलं, आजूबाजूला काही सिनियर काका होते त्यांना तरी खुर्ची द्यायला हवी होती.

पण बाकी काय सांगू! हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली आलं की सरळ परत पाठवत होते, मलाही पाठवलं 😔 पण तिथल्या एका मुलीने शेजारी बसवून पालक, खजूर, गूळ, कधी काय खायचं ते सगळं नीट लिहून दिलं, उगाच कोणाला सुई टोचून आकडा वाढवायची घाई नाही. वजन 45 किलोच्या वर असेल तर 350 मिली घेतात. आणि प्लेटलेट्स फक्त 5 दिवस टिकतात म्हणून हे लोक वर्षातून एकच मोठा कॅम्प न करता दर तीन महिन्यांनी छोटा करतात, हे मला फार पटलं.

ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा हीच पोरं आमच्या गल्लीत दूध घेऊन आली होती. सिनियर ज्युनियर सगळे एकाच ताटात सेव उसळ खातात, नंतर खुर्च्या पण स्वतःच उचलतात. पुढच्या कॅम्पला मी परत जाणार, तोपर्यंत खजूर चालू केलेत.