दोन निवेदकांच्या फँटसी कादंबरीसाठी स्क्रिव्हनर ३

आलटून-पालटून दोन पात्रांच्या नजरेतून फँटसी लिहिताना घोळ होतो तो माहितीचा आणि शब्दांचा. पुजारी ज्याला 'विधी' म्हणतो, त्यालाच सैनिक 'करणी' म्हणतो. आठव्या प्रकरणात सैनिकाच्या तोंडी चुकून 'विधी' आला की त्याचा आवाजच गेला. सलग लिहिताना हे नजरेतून निसटतं.

स्क्रिव्हनर हे लांबलचक लेखनासाठीचं सॉफ्टवेअर इथे खरंच कामी येतं. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये 'लेबल'चं नाव बदलून 'निवेदक' करा, प्रत्येक पात्राला एक रंग द्या आणि व्ह्यू मेनूतून तो रंग बाइंडरमध्ये दिसू द्या. डावीकडच्या यादीत सलग चार निळी प्रकरणं दिसली, की दुसरं पात्र वाचकाच्या मनातून उतरतंय हे लगेच कळतं.

त्याहून मोलाचं म्हणजे कलेक्शन, म्हणजे निवडक प्रकरणांची वेगळी यादी. फक्त लेबलमध्ये एका पात्राच्या नावाचा शोध घ्या, तो शोध कलेक्शन म्हणून जतन करा, त्यातली सगळी प्रकरणं निवडून स्क्रिव्हनिंग्ज मोडमध्ये उघडा. एकाच पात्राचा मजकूर सलग वाचता येतो. अजून न कळलेलं गुपित त्याला आधीच ठाऊक असेल, तर ते इथेच पकडलं जातं. हा वाचनाचा फेरा प्रत्येक खर्ड्यानंतर कराच.

उणीव एक: एका दस्तऐवजाला एकच लेबल. प्रकरणाच्या मध्येच निवेदक बदलत असेल, तर कर्सर तिथे ठेवून कंट्रोल-के (मॅकवर कमांड-के) दाबून तुकडा वेगळा करावा लागतो.

चाचणी आवृत्ती प्रत्यक्ष वापराचे ३० दिवस चालते. न उघडलेला दिवस मोजला जात नाही.