शाळेत परतण्याची ‘पायऱ्यांची पद्धत’: दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते: शाळेला घाबरणाऱ्या मुलाला एकेक छोटी पायरी चढवत परत शाळेत नेण्याची ही पद्धत चालते, पण सावकाश. आणि शाळेची साथ नसेल तर चालत नाही.

लेक तेव्हा पाचवीत होती. चौथीपर्यंत घराजवळची छोटी शाळा, मग एकदम मोठं हायस्कूल. गणपतीच्या सुमारास डेंग्यू झाला. ताप उतरला, पण शाळेचं नाव काढलं की पोट दुखायला लागलं. रविवारी संध्याकाळी सुरुवात व्हायची, शनिवारी दुपारी मात्र बाई ठणठणीत. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून पोटात काही नाही म्हटलं आणि समुपदेशकांकडे पाठवलं.

समुपदेशकांनी आधी महिनाभर फक्त ‘का’ शोधलं. कर्नी आणि सिल्व्हरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी शाळा टाळण्यामागची चार कारणं मांडली आहेत: शाळेतल्या एखाद्या गोष्टीची भीती, चारचौघांत किंवा परीक्षेत तपासलं जाण्याची भीती, घरच्यांचं लक्ष हवं असणं, किंवा घरीच जास्त मजा असणं. चौथं कारण असेल तर पायऱ्या मांडण्याआधी टीव्ही बंद करावा लागतो. आमच्याकडे पहिली दोन होती.

मग लेकीनेच यादी केली आणि प्रत्येक गोष्टीच्या भीतीला दहापैकी गुण दिले. मला वाटलेलं गणित सगळ्यात वर असेल. गणिताला दोन. परिपाठाला नऊ, कारण अख्ख्या शाळेसोबत मैदानावर रांगेत उभं राहायचं. मधल्या सुट्टीला आठ, डबा कुणाबरोबर खायचा म्हणून. त्यामुळे पायऱ्या उलट्याच लागल्या. आधी शाळा सुटल्यावर फाटकापर्यंत, मग रिकाम्या वर्गात आपल्या बाकावर, मग वाचनालय, मग गणिताचा एकच तास. परिपाठ सगळ्यात शेवटी. तोवर ती परिपाठ संपल्यावर पोचायची.

नियम एकच, आणि तोच जड आहे. पायरी हवी तेवढी छोटी करा, पण चढलेली अर्ध्यात सोडू नका. भीती चढते, पण तिथेच थांबलं की काही वेळाने उतरते. ऐन भीतीत घरी आणलं तर त्या क्षणी सुटका होते आणि उद्याची भीती वाढते. हे काही आजचं खूळ नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलाला त्याच्या आवडीचा खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला होता.

सगळ्यात उपयोगी ठरल्या फाटकावरच्या मावशी. रोज त्याच, रोज त्याच जागी. ‘आलीस व्हय? चल, फुलं काढू,’ एवढंच म्हणायच्या आणि हात धरून आत न्यायच्या. मी लगेच गाडी वळवायची. निरोप लांबला की रडणंही लांबतं. त्या रजेवर गेल्या की आमचं गाडं अडायचं, म्हणून दुसरी व्यक्ती पहिल्यापासून ठरवून ठेवा.

बक्षिसाचा तक्ता आठवडाभर चालला, पुढे कुणी बघेना.

आता तोटे. अर्ध्या दिवसाची हजेरी कशी मांडायची हे शाळेला ठरवता येत नव्हतं. मुख्याध्यापकांना समुपदेशकांचं पत्र दिल्यावर सुटलं. पाचवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, त्याची धास्ती आम्हालाच जास्त. दोघंही नोकरीला असाल तर सकाळची वेळ कुणीतरी मोकळी ठेवावीच लागते. आणि सुट्ट्या! मे महिना संपून जून उजाडला, तर पोरगी दोन पायऱ्या खाली. समुपदेशकांनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. खालून परत चढवलं, या वेळी पटापट. आता सहावीत पूर्ण दिवस जाते. परिपाठाला अजून मागच्या रांगेत उभी राहते, राहू दे.

नातेवाइकांचे सल्ले वेगळेच. दाखला काढून दुसरीकडे घाला, नाहीतर दोन रट्टे द्या. शाळेत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंद झालेला उपाय लग्नकार्यात अजून फुकट मिळतो.

शाळेत कुणी मुलाला छळत असेल तर ही पद्धत वापरू नका. आधी तो छळ थांबवायला लावा. अक्षरं, वाचन मुळातच अवघड जात असेल तर त्याची तपासणी आधी. जवळ समुपदेशक नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.